बानूबाईंच्या टीव्हीतल्या मुंग्या

बानूबाईंच्या टीव्हीत मुंग्या शिरल्या त्याला दीड महिना झाला होता. या दीड महिन्यात त्यांनी अँटेनाचा बांबू इतक्या वेळा फिरवला, की बांबूच्या बुडाशी मातीत वाटोळा खड्डा पडला.

अंथुर्णे गावाबाहेर कालव्याच्या अलीकडे आमचं घर, आणि आमच्या बांधाला लागून त्यांची वस्ती. त्यामुळे रोज संध्याकाळी साडेसहाला मला माझ्या ओट्यावर ऐकू यायचं, "सुके, आलं का गं काई?" आणि आतून नातीचं उत्तर, "न्हाय आजे, मुंग्याच हायत्या!" मग बांबू करकरायचा. कधी पश्चिमेला, कधी थोडा उत्तरेला. माझ्याकडे त्या वेळी वस्तीवरची पाच-सहा पोरं गणितं सोडवत बसलेली असायची. सुकन्या त्यांतलीच, सहावीतली. ती आजीचं काम उरकून धावत यायची आणि वही उघडायच्या आधी एकदा मोठा सुस्कारा सोडायची.

खरं काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. पश्चिमेच्या मनोऱ्यावरून येणारं जुनं प्रक्षेपण कायमचं बंद झालं होतं. बातमी वर्तमानपत्रात आली होती, पण बानूबाई वर्तमानपत्र वाचत नाहीत. मी सांगून पाहिलं, तर म्हणाल्या, "गुरुजी, एवढा मोठा मनोरा कोण कशाला बंद करंल? वाऱ्यानं अँटेना हाललाय, दुसरं काई न्हाय."

मी वाद घातला नाही. सदतीस वर्षं शाळेत शिकवल्यावर एवढं कळतं, की माणसाला आपणहून प्रश्न पडेपर्यंत उत्तर देऊन उपयोग नसतो.

घट बसले त्या दिवशी तो प्रश्न पडला. त्यांचा मुलगा सिद्धू बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे. तिसरीत असताना तो माझ्या हाताखाली होता. त्या दिवशी त्याला सुट्टी होती, आणि मी सहज वस्तीवर गेलो होतो. सिद्धू मोबाइलवर एक जाहिरात दाखवत होता. भिंतीएवढा टीव्ही.

"आये, दसऱ्याला हा आणतो. जुना द्यायचा, नवा घ्यायचा. गाडी दारात येती, जुनं उचलून नेती."

"माजा टीव्ही न्हेणार?" बानूबाईंनी विचारलं.

"तुजा म्हंजी? बंद पडलेलं धूड हाय ते. दीड महिना झाला, मुंग्या बघत बसलीस."

बानूबाईंनी मोबाइल हाताने बाजूला सारला. पण त्या धुडाबद्दल मला थोडं माहीत होतं. ऐन उमेदीची पंचवीस वर्षं त्यांनी मेंढरांमागे काढली होती. पावसाळा सरला की घोड्यावर बिऱ्हाड लादून घाट उतरायचं ते थेट कोकणात. सिद्धू नोकरीला लागला तेव्हा कळप विकला, त्यातून शेतीला पाइपलाइन आली, घरावर स्लॅब पडला. या सगळ्यातून बानूबाईंनी स्वतःसाठी एकच वस्तू मागून घेतली होती. टीव्ही. आयुष्यभर उचलून न्यावं लागणार नाही असं पहिलं सामान.

त्या उठल्या, दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सिद्धू, खंडेनवमीला आपण काय मांडतो?"

"हत्यारं."

"कसली हत्यारं?"

सिद्धूला रोख कळला. तो हसला. "चालती."

खंडेनवमीला सगळीकडेच हत्यारांची पूजा होते, पण या घराची एक जुनी रीत आहे. अंगणात घोंगडी अंथरून त्यावर चालती हत्यारंच मांडायची. मोडलेलं, गंजलेलं, नुसतं ठेवलेलं काही मांडायचं नाही. आणि एकदा मांडलेली वस्तू वर्षभर घराबाहेर द्यायची नाही. कळप जाऊन इतकी वर्षं झाली तरी बानूबाईंची लोकर कातरायची कातर त्या घोंगडीवर पहिली असते, कारण शेजारच्या वस्तीवरची मेंढरं त्या अजून तिनेच कातरतात.

"मग आइक," बानूबाई म्हणाल्या. "खंडेनवमीला टीव्ही चालता करून पूजेला मांडीन. मांडला तर हितनं हलायचा न्हाय. न्हाय चालला, तर दसऱ्याला तुजी गाडी बोलव. मीच उचलू लागीन."

"गुरुजींच्या म्होरं बोलतीस, बघ."

"म्हून तर बोलती."

सिद्धूने माझ्याकडे पाहून मान डोलावली. "ठरलं. गुरुजी, तुमी साक्षीला."

संध्याकाळी बानूबाई माझ्या ओट्यावर आल्या. आज बांबू करकरला नव्हता. पोरांच्या शेजारी सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरास्नी शिकवता तसं मला शिकवा. त्या मुंग्या कशापायी येत्यात?"

मी बायकोला, कौसल्येला, चहा ठेवायला सांगितलं. इतका चांगला विद्यार्थी बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमचा वर्ग कालव्यावर भरला. माझा नातू राजवर्धन याला मी एक चित्र देऊन पुलावरून पलीकडे पाठवलं. बाकीचे अलीकडे, हातात कागद-पेन्सिल. मधे पाणी, आणि शेजारच्या रानात ट्रॅक्टर चाललेला. "आता चित्रात काय आहे ते ओरडून सांग," मी हात करून खुणावलं.

राजवर्धन बेंबीच्या देठापासून ओरडला. चार पाय, पाठ सपाट, मान इकडं, असलं काहीतरी. निम्मं ट्रॅक्टरने खाल्लं. वस्तीवरच्या सूरजने खुर्ची काढली. दुसऱ्या एकीने पलंग काढला.

"ओरडणारा तोच, ऐकणारे तेच," मी म्हणालो, "पण मधल्या आवाजानं चित्र खराब केलं. बानूबाई, या तुमच्या मुंग्या. जुन्या प्रक्षेपणात चित्र असंच ओरडत यायचं. जितकं लांब, तितका मधला कचरा जास्त. आता तर पलीकडचा ओरडायचाच थांबलाय. उरल्यात नुसत्या मुंग्या."

मग दुसरा खेळ. अलीकडच्या पोरांनी कागदावर आठ आडव्या, आठ उभ्या अशा चौसष्ट चौकटी आखल्या. राजवर्धनच्या चित्रावरही तशाच. त्याच्या हातात पांढरा टॉवेल. चौकट भरायची असेल तर टॉवेल वर, रिकामी सोडायची असेल तर खाली. आता ट्रॅक्टर गरजू दे नाहीतर ढग. टॉवेल वर आहे की खाली, एवढंच बघायचं. सुकन्या मोठ्यानं सांगत होती, "वर, वर, खाली, वर," आणि पेन्सिली चालत होत्या. दहा मिनिटांनी सगळ्यांच्या कागदावर एकसारखं चित्र उमटलं. मेंढी.

बानूबाईंनी सुकन्याचा कागद हातात घेऊन लांब धरला. "ही शेळी हाय."

"मेंढी हाय गं आजे!"

"मेंढीची शेपूट खाली लोंबती. ही वर हाय."

मी मूळ चित्र मागवून पाहिलं. राजवर्धनने एका चौकटीला टॉवेल चुकून वर केला होता. पोरं त्याच्यावर तुटून पडली. तो म्हणत होता, "हात दुखला माझा!"

बानूबाई मात्र कागदाकडेच बघत होत्या. मग सावकाश म्हणाल्या, "म्हंजी आता चित्र येत न्हाय. चित्राची मोजदाद येती. आन् माज्या टीव्हीला मोजदाद वाचाया येत न्हाय."

इतक्या वर्षांत डिजिटल म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. "बरोबर," मी म्हणालो. "म्हणून एक पेटी आणायची. ती मोजदाद वाचते आणि तुमच्या टीव्हीला त्याच्या भाषेत सांगते. टीव्ही बदलायचं कारणच नाही."

"मग चला बारामतीला," त्या म्हणाल्या आणि तिथूनच पदर खोचून उठल्या.

भिगवण रोडवरच्या एका दुकानातून आम्ही मोफत वाहिन्यांची डिश आणि पेटी आणली. दुकानदार बसवायला माणूस देत होता, पण बानूबाईंनी नको म्हटलं. "ही पोरं हायती की," म्हणाल्या. खरं सांगायचं तर मीही तेच म्हणणार होतो.

पेटी टीव्हीला जोडणं सोपं निघालं. वायरीला तीन तोंडं, पिवळं चित्राचं, पांढरं नि तांबडं आवाजाचं. टीव्हीला मागे भोकं दोनच. सूरज तांबडं तोंड हातात धरून सगळीकडे फिरला, शेवटी म्हणाला, "गुरुजी, ह्याचं काय करू?" जुन्या टीव्हीत आवाजाचा एकच रस्ता असतो, तांबडं लोंबकळू दे, असं मी सांगितलं तेव्हा कुठं त्याने ते सोडलं.

अवघड होती ती डिश. अँटेना फिरवताना मुंग्या कमी होत जातात, त्यावरून अंदाज येतो. इथं तसं नाही. मोजदाद एक तर पुरी कळते, नाहीतर काहीच नाही. पहिल्या दिवशी बानूबाईंनी सवयीने डिशचं तोंड पश्चिमेला मनोऱ्याकडे केलं. पडद्यावर नुसती निळाई. मग मी पोरांना सांगितलं, की आता चित्र मनोऱ्यावरून नाही, आकाशातल्या उपग्रहावरून येतं, आणि तो आपल्याला दिसत नसला तरी आग्नेयेला एकाच जागी ठाण मांडून असतो.

"दिसत न्हाय त्याच्यावर नेम कसा धरायचा?" सुकन्याने विचारलं.

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. वर्षातून दोनदा, एकदा होळीच्या आगेमागे आणि एकदा याच नवरात्राच्या सुमाराला, काही दिवस सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागून जातो. आमच्याकडून पाहिलं तर सकाळी अकराच्या जरा आधी. त्या घडीला सूर्यावर नेम धरला की तो आपोआप उपग्रहावर लागतो. फक्त त्या पाच-दहा मिनिटांत चित्र येत नाही, कारण सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. सूर्य पुढे सरकला की झालं.

दोन दिवस ढग होते. पाचव्या माळेला ऊन पडलं. आम्ही सगळे स्लॅबवर. मी डिशवर तांब्याभर पाणी ओतायला लावलं. ओल्या पत्र्यावरून ऊन परावर्तित होऊन उजेडाचा एक गोळा पुढे पडला. डिशच्या पुढे दांडीवर एक डोकं असतं, तेच सगळं गोळा करतं. उजेडाचा गोळा त्या डोक्यावर येईस्तोवर पोरांनी डिश बोटबोट सरकवली आणि नट आवळले.

मग खाली जाऊन थांबलो. अकरा वाजून दहा मिनिटांनी निळाई फुटली आणि एक बाई बातम्या सांगताना दिसली. स्वच्छ. एकही मुंगी नाही. बानूबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या, काचेवरून हात फिरवला आणि मागे वळून सूनबाईला म्हणाल्या, "म्हाळसा, चुलीवर पुरणाचं ठेव. पोरांनी काम केलंय."

त्यानंतरचे दिवस टीव्ही उत्तम चालला. सिद्धूच्या पाळ्या उलटसुलट होत्या, घरी तो नुसता झोपायला यायचा. त्याला कुणी काही सांगितलं नाही. बानूबाईंनीच पोरांना तंबी दिली होती.

खंडेनवमीला मी साडेदहाला वस्तीवर पोचलो तेव्हा अंगण सारवलेलं होतं, घोंगडी अंथरली होती. कातर, कुऱ्हाड, कोयते, फवारणीचा पंप, म्हाळसाचं शिलाई मशीन, सिद्धूचे पाने. सगळ्यांना हळदीकुंकू, सगळ्यांना झेंडूची माळ. बानूबाई नवं लुगडं नेसून उभ्या होत्या. सिद्धू हात पुसत आला.

"आये, गुरुजी पण आलं. दाव तुजा चालता टीव्ही."

बानूबाईंनी सुकन्याकडे पाहिलं. सुकन्याने ऐटीत बटण दाबलं.

निळाई. आणि मधोमध पांढऱ्या अक्षरांत, सिग्नल नाही.

सुकन्याने बटण बंद करून पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. सूरजने वायरी ओढून बघितल्या. बानूबाईंनी लुगड्याचा काठ मुठीत धरलेला मला दिसला.

मी घड्याळ पाहिलं. अकराला दहा कमी. मला हायसं वाटलं. "घाबरायचं कारण नाही," मी सगळ्यांना सांगितलं. "सूर्य मागे आलाय. रोजच्या पाच मिनिटांचा खेळ. दहा मिनिटं थांबा, चित्र येईल."

सिद्धू खाटेवर बसला. पोरं दारात बसली. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. निळाई हलली नाही.

"गुरुजी," सिद्धू म्हणाला, "सूर्याला पण खंडेनवमीची सुट्टी हाय व्हय? एकाच जागी बसलाय."

पोरं हसली, मीही हसलो आणि पुन्हा घड्याळ पाहिलं. सिद्धू आईकडे वळला. आवाजात आता चेष्टा नव्हती. "ऱ्हाऊ दे आये. जुनं हाय ते. एक दिवस चालंल, दोन दिवस बंद. उद्या गाडी येती, तिला काय सांगू?"

बानूबाईंनी एकदा टीव्हीकडे पाहिलं. "मी बोलले ते बोलले. उचलू लागीन."

तेवढ्यात सुकन्या माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "गुरुजी, सूर्य मागं हाय का न्हाय, हे आपन बघितलंच न्हाय."

"म्हणजे?"

"तुमी घड्याळ बघितलं. डिश कुठं बघितली? उजेडाचा गोळा डोक्यावर असंल तर सूर्य. नसंल तर दुसरं कायतरी."

पोरीचं बरोबर होतं. ती तांब्या भरून घेऊन शिडीने वर गेलीसुद्धा. आम्ही खाली उभे. वर पाणी ओतल्याचा आवाज आला. आणि मग तिचं खणखणीत ओरडणं, "गोळा डोक्यावर न्हाय! गोळा कवाच खाली सरकलाय! आन् डोकं तर दिसतच न्हाय!"

मी गुडघा सांभाळत शिडी चढलो. बानूबाई, सिद्धू आणि पोरं माझ्या मागून.

डिश सजली होती. पत्र्यावर हळदकुंकवाची पाच बोटं. आणि दांडीवरच्या त्या डोक्याला मुठीएवढ्या झेंडूंचा चार पदरी गच्च हार, बादलीत भिजवून घातलेला, अजून पाणी गळणारा. डोक्याचं तोंड पुरतं झाकलं होतं.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मी," बानूबाई म्हणाल्या. "मगाशीच. सगळ्या हत्यारांत हेच तर मोठं हत्यार. ह्याला सोडून कसं चालंल?"

मला हसू आवरेना. मी पोरांना समजावलं, की मोजदाद घेऊन येणारी लहर इतकी नाजूक असते की पाण्याने भिजलेल्या फुलांतून ती पार होत नाही. नवरात्रभर धडे दिले, पण एवढं एक सांगायचं राहून गेलं होतं.

"मग काढा हार," सूरज म्हणाला.

पण कुणी पुढे झालं नाही. पूजेचा हार दसऱ्याचं सोनं लुटण्याआधी उतरवायचा नाही, हीही या घराची रीतच. सिद्धू खांद्यावरचा टॉवेल चाळवत आईकडे बघत होता. त्याला हवं तर तो आता जिंकला होता. हार राहिला तर टीव्ही बंद, आणि बंद टीव्ही मांडायचा नाही. रीतही मोडायची नाही.

"काय करायचं, आये?" त्याने हळू विचारलं.

बानूबाई डिशसमोर उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून नीट केला. मग त्यांनी दोन्ही हात पुढे करून तो जड हार डिशच्या डोक्यावरून मागे सरकवला, दांडीवरून खाली आणला, आणि डिशच्या लोखंडी खांबाला व्यवस्थित अडकवला. हार उतरला नव्हता. फक्त जागा बदलली होती.

"देवाला हार गळ्यात घालत्यात," त्या म्हणाल्या. "डोळ्यावर कोण बांधतं का? माजीच चूक."

खालून म्हाळसाचा आवाज आला, "आलं! अवो, आलं चित्र!"

आम्ही उतरलो. पडद्यावर कुणीतरी उसाला ठिबक कसं घालायचं ते दाखवत होतं. बानूबाईंनी कुंकवाची कुयरी उचलली, पण टीव्हीपर्यंत जाऊन थांबल्या. टीव्ही घोंगडीवर न्यायचा तर वायर पुरणार नव्हती, आणि वायर काढली तर तो चालता राहणार नव्हता.

सिद्धूने ते पाहिलं. तो अंगणात गेला. एका बाजूने त्याने घोंगडी धरली, दुसऱ्या बाजूला सूरजला उभं केलं. कातर, कोयते, पंप सगळं एकेक करून आत आणलं, टीव्हीच्या पुढ्यात घोंगडी पुन्हा अंथरली, रांग लावली. शिलाई मशीन आणताना म्हाळसाने हात लावला. सगळं जागेवर आल्यावर त्याने आईच्या हातातून कुयरी घेतली आणि स्वतः टीव्हीच्या काचेखाली कुंकवाचं बोट टेकवलं.

"मांडला," तो म्हणाला. मग फोन काढून दारात गेला. "हॅलो, उद्या जुना न्यायला गाडी पाठवू नका... न्हाय न्हाय, नवा बघू म्होरल्या वर्षी... न्हाय ओ, जुना चालतोय. आमचा पूजेत हाय."

बानूबाईंनी सुकन्याला जवळ घेतलं, आणि माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "गुरुजी, तुमी घड्याळ बघून उत्तर दिलं. पोरीनं वर जाऊन बघितलं."

"हो," मी म्हणालो. "आज माझं गणित चुकलं. उद्या पोरांना तेच शिकवणार आहे."

"उद्या दसरा हाय, सुट्टी द्या," सूरज म्हणाला, आणि पुरणपोळीचं ताट पुढे ओढून टीव्हीसमोर फतकल मारून बसला.